निवेदकाच्या कथाकथनाला जाताना : जाहिरात वाचण्यापासून विंगेतल्या भेटीपर्यंत

बाबांनी ज्या आवाजावर अर्धं आयुष्य काढलं, त्या ज्येष्ठ निवेदकाचा कार्यक्रम आमच्या गावात लागला. तिकिटं मीच काढली. स्वस्तातली, बाल्कनीखाली, शेवटून दुसरी रांग. बाबा दोन तास मान पुढे काढून बसले होते. सगळे हसले की तेही हसायचे. परतताना रिक्षात म्हणाले, "आवाज ओळखीचा होता रे, शब्द काही लागले नाहीत." त्यांचं तेवढं एकच वाक्य मला पुरलं.

तेव्हापासून मी असे कार्यक्रम वेगळ्या तयारीने बघतो, म्हणजे ऐकतो. आणि प्रत्येक वेळी आजूबाजूला त्याच चुका दिसतात: नाटकासाठी निवडावी तशी खुर्ची निवडलेली, जाहिरात अर्धीच वाचलेली, गोष्टीचा शेवट टाळ्यांत बुडालेला. आकाशवाणी-दूरदर्शनवर हयात घालवलेला माणूस मंचावर एकटा उभा राहून गोष्ट सांगतो, तेव्हा नेपथ्य नसतं, वेशभूषा नसते. एक माइक, एक स्टूल, पाण्याचा पेला. सगळं कानांवर असतं. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या; खुर्ची आधी आणि जाहिरात नंतर असं केलंत तर फसाल.

टप्पा १ : नाव कुठल्या शब्दापुढे आहे ते बघा

सर्वांत जास्त निराशा इथून सुरू होते. जाहिरातीत फोटो मोठा असतो, नाव ठळक असतं, आणि आपण ते नाव कशाच्या पुढे छापलंय हे बघतच नाही.

"निवेदन : अमुक" असेल तर तो गाण्यांचा कार्यक्रम आहे. दोन गाण्यांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं बोलणं होईल, एखादा किस्सा निघेल, बाकी वेळ वाद्यवृंदाचा. "मुलाखतकार : अमुक" असेल तर तुमचा माणूस प्रश्न विचारणार आहे, गोष्टी समोरचा पाहुणा सांगेल. "संवादक" म्हणजेही बहुतेक वेळा तेच. "अभिवाचन" म्हणजे हातात कागद, समोर स्टँड, आणि बऱ्याचदा एकाहून जास्त वाचणारे. "कथाकथन" म्हणजे कागदाशिवाय, बांधीव कथा. आणि "गप्पा", "आठवणी", "किस्से", "एकपात्री" यांपैकी काही लिहिलं असेल तर तो माणूस स्वतःच्या अनुभवाच्या पोतडीतून सांगणार.

सुधीर गाडगीळांचं उदाहरण घ्या. दूरदर्शनवर बातम्या वाचलेला, हजारो मुलाखती घेतलेला हा निवेदक. त्यांचं नाव गाण्यांच्या मैफलीत निवेदक म्हणून येतं, प्रकट मुलाखतीत मुलाखतकार म्हणून येतं, आणि त्यांनी भेटलेल्या माणसांचे किस्से सांगायचे असतील तेव्हा वक्ता म्हणून. नाव एकच असलं तरी या तीन वेगळ्या संध्याकाळी आहेत. तुम्हाला तिसरी हवी असेल आणि पहिलीचं तिकीट काढलंत, तर कार्यक्रम कितीही चांगला झाला तरी हुरहूर राहणारच.

ताडून बघा: जाहिरातीत वादक किंवा गायकांची नावं आहेत का? असतील तर गोष्टींचा वाटा कमी. आयोजकांचा फोन दिलेला असतो, सरळ विचारा, "ते स्वतः किती वेळ बोलणार आहेत?" यात संकोच करण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र तयारी म्हणून करू नका. आधी यूट्यूबवर त्यांचे सगळे किस्से ऐकून जाऊ नका. किस्सा सांगणाऱ्याची अर्धी मेहनत शेवट लपवण्यात असते. घरातल्या मोठ्यांना ओळखीचाच किस्सा पुन्हा ऐकायचा असतो, ते ठीक; पण पहिल्यांदा जाणाऱ्याने कोऱ्या कानाने जावं.

टप्पा २ : नाट्यगृह कोणत्या गावातलं?

वाचून नवल वाटेल, पण ही चूक दर वेळी कुणी ना कुणी करतंच. आपल्याकडे नाट्यगृहांना थोरांची नावं आहेत आणि एकच नाव दोन गावांत आहे. विष्णुदास भावे म्हटलं की नाट्यगृह वाशीतही आहे आणि सांगलीतही. कालिदास मुलुंडला आहे, नाशिकलाही आहे. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह पुण्यात कोथरूडला, तर यशवंतराव चव्हाण केंद्र मुंबईत नरिमन पॉइंटजवळ. दीनानाथ मंगेशकरांच्या नावाचं नाट्यगृह विलेपार्ल्यात आहे, आणि पणजीच्या कला अकादमीतल्या मुख्य प्रेक्षागृहालाही त्यांचंच नाव आहे. ऑनलाइन तिकीट काढताना वर कोपऱ्यात शहर वेगळं निवडलेलं राहतं, नाव ओळखीचं दिसतं आणि पैसे भरले जातात.

⚠ पैसे भरण्याआधी शहर, तारीख, वार आणि वेळ मोठ्याने वाचा. वार आणि तारीख जुळत नसेल तर आयोजकांना फोन केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरं म्हणजे दुरुस्ती. नाट्यगृहं नूतनीकरणासाठी महिनोन्‌महिने बंद राहतात. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह तर ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळालं. अशा वेळी ठरलेले कार्यक्रम दुसऱ्या सभागृहात हलतात. म्हणून आदल्या दिवशी जाहिरात पुन्हा एकदा बघा. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम असेल तर वेळेपुढे "सकाळी" आहे का तेही बघा. साडेपाच वाचून संध्याकाळी जाणारे मी पाहिले आहेत.

परदेशातल्या मंडळींसाठी इतकंच: उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासारख्या ठिकाणी एकाच वेळी अनेक दालनांत कार्यक्रम चालतात. तुमच्या कार्यक्रमाचं दालन आणि वेळ आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा, आणि त्याच्या आधीच्या तासात दुसरं काही ठरवू नका.

टप्पा ३ : खुर्ची कानांसाठी निवडा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी स्वतःची चूक इथलीच.

बोलण्यातला अर्थ बराचसा व्यंजनांवर उभा असतो. स, श, फ, थ, क यांचे आवाज बारीक आणि उंच पट्टीतले. वयाबरोबर कान उतरतात तेव्हा आधी हीच पट्टी जाते. म्हणून सत्तरीतला माणूस म्हणतो, "ऐकू येतं, पण समजत नाही." तो बरोबर सांगत असतो. आवाजाचा जाडपणा पोचतो, शब्दांच्या कडा पोचत नाहीत. बाल्कनीच्या खोल पोटाखालच्या रांगांत आवाज दबलेला लागतो आणि या कडा आणखी बोथट होतात. संगीताला ते चालून जातं, गोष्टीला चालत नाही.

पहिली रांगसुद्धा वाटते तितकी चांगली नाही. मोठे स्पीकर बहुधा मंचाच्या दोन्ही बाजूंना असतात. अगदी पुढे कडेला बसलात तर एकाच स्पीकरचा मारा होतो आणि दुसरा कान रिकामा राहतो. मध्यभागी पुढे बसलात तर स्पीकरचा आवाज डोक्यावरून जाऊ शकतो. शिवाय दोन तास मान वर.

मग घ्यायचं काय? मधला भाग, साधारण पाचवी ते दहावी रांग. इथे दोन्ही बाजूंचा आवाज सारखा येतो आणि सांगणाऱ्याचे ओठही दिसतात. कमी ऐकू येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो, हे लक्षात ठेवा. ही जागा मिळाली नाही तर बाल्कनीची पहिली रांग विचारात घ्या. तिथे समोर मोकळं असतं, आवाज स्वच्छ येतो. फक्त जिना चढावा लागतो. बाल्कनीखालच्या शेवटच्या चार रांगा ज्येष्ठांसाठी घेऊच नका, तिकीट निम्म्या दरात असलं तरी.

खिडकीवर गेलात तर बुकिंगवाल्याला प्लॅन दाखवायला सांगा आणि बोट ठेवून विचारा, "या रांगेवर बाल्कनी येते का?" ऑनलाइन प्लॅनमध्ये बाल्कनीची सावली कुठपर्यंत पडते ते दिसत नाही, म्हणून मला अजूनही खिडकी बरी वाटते. आसन क्रमांक डावीकडून उजवीकडे सरळ असतीलच असं गृहीत धरू नका. दोन खुर्च्या शेजारीशेजारी आहेत हे डोळ्यांनी बघा.

ज्यांना मध्येच उठावं लागतं, त्यांना वाटेच्या कडेची खुर्ची आणि तुम्ही त्यांच्या आत. उलट बसलात तर अंधारात त्यांना तुमचे गुडघे ओलांडावे लागतील.

टप्पा ४ : तिकीट आणि प्रवेशिका यांत फरक आहे

तिकिटावर आसन क्रमांक असतो, तुमची जागा ठरलेली. विनामूल्य प्रवेशिकेवर बहुतेक वेळा खाली बारीक अक्षरांत असतं : "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. काही जागा राखीव." म्हणजे प्रवेशिका हातात असूनही खुर्ची नाही. पुढच्या तीन-चार रांगा देणगीदार आणि निमंत्रितांसाठी पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या असतात. तिथे बसून मग उठवले जाण्याची वेळ येऊ देऊ नका. मी तर विनामूल्य कार्यक्रमाला किमान पाऊण तास आधी पोचतो.

ऑनलाइन तिकीट असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दारात रेंज मिळेलच असं नाही. चौघांची तिकिटं एकाच फोनवर असतील आणि चौघे वेगवेगळे येणार असतील, तर आधीच वाटून द्या. नाहीतर तिघे दारात आणि चौथा ट्रॅफिकमध्ये.

टप्पा ५ : सोबत कोण, आणि त्यांची तयारी

लहान मुलं आणायची का? सहा-सात वर्षांखालच्या मुलाला दोन तास नुसतं ऐकायला बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, आणि नाटकात खपणारी कुजबुज इथे शेवटच्या रांगेपर्यंत जाते. नऊ-दहाच्या पुढच्या, गोष्टीवेड्या मुलांना जरूर आणा.

ज्येष्ठांसाठी आदल्या दिवशी करायची कामं:

श्रवणयंत्राची बॅटरी नवी घाला. गोल बटणासारख्या जस्त-हवा बॅटरीची चिकटपट्टी काढल्यावर लगेच यंत्रात घालू नका. मिनिटभर हवा लागू द्या, मगच ती पुरता जोर धरते. चार्जिंगचं यंत्र असेल तर रात्रभर लावा. यंत्रात वेगवेगळे प्रोग्रॅम असतील तर सभागृहासाठी कोणता वापरायचा ते ऑडिऑलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, विचारून ठेवा. अंधारात चाचपडत बटणं दाबली की शिट्टी वाजते, आणि ती शिट्टी लावणाऱ्याला सोडून सगळ्यांना ऐकू येते.

नाट्यगृहाला फोन करून विचारा: पायऱ्या किती, लिफ्ट चालू आहे का, चाकाची खुर्ची कुठपर्यंत नेता येते. "आहे हो सगळं" एवढ्यावर फोन ठेवू नका. आकडा विचारा.

शाल घ्या. वातानुकूलित सभागृहात दोन तास नुसतं बसून राहिलं की थंडी भरते. खोकल्याच्या गोळ्या घरीच वेष्टनातून काढून छोट्या डबीत ठेवा. गोष्ट रंगात आलेली असताना त्या कागदाची चुरचुर फार मोठी होते.

टप्पा ६ : त्या दिवशी, उलट मोजत

कार्यक्रम साडेपाचचा असेल तर हिशेब तिसऱ्या घंटेपासून, म्हणजे पडदा उघडायच्या वेळेपासून, मागे करा.

साडेचारला नाट्यगृहाच्या आवारात. गाडी लावायला आणि ज्येष्ठांना दारापर्यंत सावकाश न्यायला वेळ लागतो. पुण्यात बालगंधर्वला जायचं तर संभाजी उद्यान मेट्रो स्थानक जवळ आहे. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाला पश्चिमेला उतरून चालत जाता येतं. गाडी घरी ठेवता आली तर ठेवा.

पाचला चहा, वडा, आणि त्यानंतर स्वच्छतागृह. हा क्रम बदलू नका. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत बायकांच्या रांगेत नंबर लागेपर्यंत घंटा होते.

सव्वापाचला खुर्चीत. पहिली घंटा होते तेव्हा बाहेर गप्पा रंगलेल्या असतात, दुसरीलाही लोक हलत नाहीत, आणि तिसरीला सगळे एकदम आत घुसतात. नाटकात पहिली पाच मिनिटं चुकली तर पुढे कळून येतं. गोष्ट सांगणारा मात्र पहिल्या दोन मिनिटांतच काळ, गाव आणि माणसं मांडून मोकळा होतो; ते हुकलं की पुढचा अर्धा तास तुम्ही शेजाऱ्याला विचारत राहता.

✔ इथे एक तपासणी, आणि ही चुकवू नका. पडद्यामागून "मोबाइल बंद ठेवा" अशी सूचना होते, तेव्हा बरोबरच्या ज्येष्ठांकडे बघा. "काय म्हणाले?" असं विचारा. शब्द सांगता आले तर जागा बरोबर आहे. सांगता आले नाहीत, तर दिवे असेपर्यंत डोअरकीपरला गाठा, अडचण सांगा आणि रिकाम्या जागेवर बसवून घ्या. बहुतेक जण मदत करतात. मी बाबांच्या वेळी हे केलं असतं तर त्यांची संध्याकाळ वाचली असती.

टप्पा ७ : मोबाइल बंद, म्हणजे बंद

सायलेंटवर ठेवलेल्या फोनचा अलार्म बहुतेक वेळा वाजतोच. संध्याकाळी आठच्या औषधाचा अलार्म हा अशा कार्यक्रमांतला ठरलेला व्यत्यय आहे. व्हायब्रेशनही खुर्चीच्या पत्र्याला लागून घरघरतं. म्हणून फोन पूर्ण बंद करा, आणि आई-बाबांचा फोन स्वतः हातात घेऊन बंद करा.

रेकॉर्डिंगचं काय? नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम 38 आणि 38अ नुसार सादरकर्त्याला त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे. कलम 39 मध्ये स्वतःच्या खाजगी वापरापुरत्या मुद्रणाला सूट आहे, पण ते त्याच्या परवानगीशिवाय पुढे पाठवता येत नाही. "घरच्यांसाठीच घेतोय" म्हणून घेतलेली क्लिप सकाळपर्यंत दहा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरलेली असते. ज्या माणसाचं पोट त्या किस्स्यावर आहे, त्याच्या पुढच्या गावातल्या प्रयोगात तो किस्सा आधीच शिळा होऊन पोचतो. हे मला मनापासून लागतं, म्हणून सांगतो.

टप्पा ८ : गोष्ट चालू असताना

रेडिओवर काम केलेला माणूस शांततेचा वापर जाणून असतो. स्टुडिओत त्याला मोजून थांबावं लागे. मंचावर तो मोकळेपणाने थांबतो. आपण तो थांबा म्हणजे शेवट समजतो आणि टाळ्या सुरू करतो. त्यानंतर आलेलं खरं शेवटचं वाक्य, बहुधा हळू आवाजातलं, कुणालाच ऐकू येत नाही. उपाय साधा आहे. थांबा आला की एक पूर्ण श्वास घ्या. तो पाण्याच्या पेल्याकडे वळला, मागे सरकला किंवा मान झुकवली की टाळी वाजवा.

⚠ शेवट माहीत असेल तर ओठांवर येऊ देऊ नका. "हा तो डबेवाल्याचा किस्सा, शेवटी ना..." हे वाक्य पुढच्या दोन रांगांची गोष्ट मारतं.

आवाज खराब असेल तर बसल्या जागेवरून "आवाज! आवाज!" ओरडायची आपल्याला सवय आहे. सांगणाऱ्याची लय त्याने तुटते आणि बिचारा त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल माफी मागत बसतो. पहिली दोन मिनिटं द्या. ध्वनिव्यवस्था बघणारा तेवढ्यात जुळवून घेतो. नाहीच सुधारलं तर कडेला बसलेल्या एकाने उठून मागे त्याच्या टेबलापाशी जावं आणि "मागे शब्द कळत नाहीत" किंवा "घुमतोय" असं नेमकं सांगावं. आवाज वाढवल्याने घुमणं वाढतं, म्हणून नुसतं "वाढवा" म्हणू नका.

टप्पा ९ : मध्यंतर आणि चिठ्ठ्या

काही सादरकर्ते मध्यंतरात फर्माईशीच्या किंवा प्रश्नांच्या चिठ्ठ्या घेतात. चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहा, मोठ्या अक्षरांत, खाली नाव आणि गाव. पानभर स्वतःची आठवण लिहिलेली चिठ्ठी मंचावर वाचता येत नाही आणि बाजूला पडते. प्रश्न तोंडी विचारायचा असेल तर आधी मनात दोन वाक्यांत बसवा. "लहानपणापासून मी तुमचा..." इथून सुरुवात केली की प्रश्नापर्यंत पोचायच्या आत माइक पुढे जातो.

टप्पा १० : विंगेतली भेट

नाट्यगृह सत्रावर भाड्याने घेतलेलं असतं. तुमचा कार्यक्रम संपला की त्याच मंचावर रात्रीच्या प्रयोगाचं नेपथ्य लागायचं असतं. म्हणून भेटीला वेळ फार थोडा, आणि समोरचा माणूस दोन तास बोलून दमलेला, पुष्कळदा सत्तरी ओलांडलेला.

आयोजकांना विचारून मगच आत जा. "ओळखलंत का?" हा प्रश्न विचारू नका, हजारो माणसं भेटलेल्या माणसाला तो अवघडून टाकतो. आपणच नाव आणि गाव सांगा. मग एकच नेमकी गोष्ट, जसं की "तुमच्या सकाळच्या बातम्या लागल्या की आमच्याकडे शाळेची घाई सुरू व्हायची." तेवढं पुरे. "ते जुनं 'नमस्कार' एकदा म्हणून दाखवा ना" हा आग्रह टाळा. घसा थकलेला असतो. उग्र वासाचा हार किंवा अत्तर नको, घशाला त्रास होतो. फोटो हवा असेल तर एक, आणि कॅमेरा आधीच उघडून ठेवलेला.

रिक्षा किंवा टॅक्सी भेटीच्या आधी बोलावू नका, आणि ज्येष्ठांना फुटपाथवर उभं करून शोधायलाही जाऊ नका. त्यांना आतल्या बाकावर बसवा, गाडी दारात आली की न्या.

घरी पोचल्यावर तिकिटाच्या मागे तारीख, नाट्यगृह आणि आवडलेल्या तीन किस्स्यांचं एकेक वाक्य लिहून ठेवा. त्याच रात्री लिहा, सकाळी नावं निसटतात. गेल्या खेपेला बाबांसाठी सातवी रांग घेतली होती. त्यांनी तिकीट मागून घेतलं, चष्मा लावला आणि किस्से स्वतःच्या हाताने लिहिले. तीन मागितले होते, पाच झाले. जागा पुरली नाही म्हणून शेवटचा समासात आडवा लिहिलाय.